न पाहिलेल्या रुग्णाचे दप्तर

बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, बेळगाव अशा ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या घरांपैकी पुष्कळांच्या माळ्यावर एकेकाळी लाल बासनात बांधलेले एखादे दप्तर असे. कोणाचा पूर्वज फडावर कारकून, कोणाचा कमाविसदाराकडे, कोणी फडणिसांच्या हाताखाली. ती मोडी आता घरात कोणाला वाचता येत नाही. परंतु त्या दप्तरातील दोन शब्द अद्याप आपल्या कानाला परके झालेले नाहीत. एक कीर्द आणि दुसरा खतावणी. दिवसभरात जे जे घडले ते घडल्या क्रमाने लिहावयाचे, ती रोजकीर्द. मग त्या कीर्दीतील प्रत्येक नोंद ज्याच्या त्याच्या नावाच्या खात्यावर उतरवावयाची, ती खतावणी. कीर्द पाहून आज काय झाले ते कळते. कोणाकडून किती दिवसांत काहीच आले नाही, हे मात्र खतावणीवाचून कळत नाही.

एका अगदी निराळ्या, आधुनिक व्यवसायाचा इतिहास वाचताना मला या दोन शब्दांची वारंवार आठवण झाली. मानसोपचाराच्या क्षेत्रात ‘पर्यवेक्षक’ नावाची एक व्यक्ती असते. नवशिका समुपदेशक किंवा चिकित्सक रुग्णाशी बोलतो. पर्यवेक्षक त्या समुपदेशकाशी बोलतो. रुग्ण त्याच्यासमोर बहुधा कधीच येत नाही. तरीही रुग्णाचे बरेवाईट झाल्यास पहिला प्रश्न त्यालाच विचारला जातो. सहा समुपदेशक हाताखाली असतील आणि प्रत्येकाकडे पंधरा माणसे असतील, तर नव्वद न पाहिलेल्या माणसांचा भार या एका डोक्यावर येतो. हा भार वाहावयाचा कसा, कशाच्या आधारे स्मरणात ठेवावयाचा, कागदावर किती उतरवावयाचा, या प्रश्नांना शंभर वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे. मानसशास्त्राच्या ग्रंथांत तो तुकड्यातुकड्यांनी येतो, कारण सिद्धान्तांच्या झगमगाटात वह्यांकडे कोण लक्ष देणार!

आरंभ व्हिएन्नात करावा लागतो. १९०८ साली माक्स ग्राफ नावाचे संगीतसमीक्षक आपल्या पाच वर्षांच्या मुलाच्या घोड्यांविषयीच्या भीतीने चिंतेत पडले. सिग्मंड फ्रॉइड यांच्या घरी दर बुधवारी संध्याकाळी जमणाऱ्या मंडळीपैकी ते एक होते. त्यांनी मुलाचे बोलणे, त्याची स्वप्ने, त्याचे प्रश्न टिपून फ्रॉइड यांना कळवावयास प्रारंभ केला आणि फ्रॉइड त्यांना मार्गदर्शन करीत गेले. त्या संपूर्ण उपचारात फ्रॉइड यांनी त्या मुलाला एकदाच समोर बसवले. १९०९ साली प्रसिद्ध झालेला ‘छोट्या हान्स’चा वृत्तान्त मनोविश्लेषणाच्या वाङ्मयात अजरामर झाला तो बालमनाविषयीच्या प्रतिपादनामुळे. आपल्या विषयाच्या दृष्टीने मात्र त्यात आणखी एक गोष्ट आहे. उपचार करणारा एक, त्याला सांगणारा दुसरा आणि दोघांमध्ये केवळ टिपणे, ही रचना तेथे प्रथमच इतकी स्पष्ट दिसते. उपचार करणारा खुद्द मुलाचा बाप होता, हे आजच्या कोणत्याही पर्यवेक्षकाला मान्य होणार नाही, ते सोडून देऊ.

त्याच बुधवारच्या बैठकांना १९०६ पासून ओटो रांक हा तरुण पगारी चिटणीस मिळाला. १९१५ पर्यंत त्याने बैठकांची इतिवृत्ते लिहिली. कोण बोलले, काय बोलले, कोणी विरोध केला हे सारे त्यात आहे. १९३८ साली व्हिएन्ना सोडताना फ्रॉइड यांनी ते कागद पाउल फेडर्न यांच्या स्वाधीन केले, म्हणून ते वाचले. चिटणिसाचे उपकार इतिहासकारांखेरीज कोणी फारसे स्मरत नाही.

पण व्यवस्थेने बांधलेले पहिले दप्तर पाहावयाचे तर बर्लिनला जावे लागते. सप्टेंबर १९१८ मध्ये, महायुद्ध संपत आले असताना, बुडापेस्ट येथील परिषदेत फ्रॉइड यांनी गरिबांनाही मनोविश्लेषणाचा लाभ विनामूल्य मिळाला पाहिजे असा विचार मांडला. दीड वर्षाच्या आत, फेब्रुवारी १९२० मध्ये, बर्लिनच्या पोट्सडामर रस्त्यावर तसा दवाखाना उघडला. माक्स आयटिंगॉन, कार्ल आब्राहाम आणि एर्न्स्ट झिमेल हे त्याचे प्रवर्तक. आयटिंगॉन यांच्या घराण्याचा फरच्या कातड्यांचा मोठा व्यापार होता आणि दवाखान्याचा खर्च मुख्यतः त्यांच्या पैशावर चाले. या गृहस्थांनी सिद्धान्तपर लेखन फारच थोडे केले. त्यांच्या काळातील इतरांची ग्रंथसंपदा पाहिली की आयटिंगॉन यांचे नाव फिके वाटते. व्यापारी घराण्यातील या मनुष्याला हिशेब ठेवावयाचे भान मात्र उपजतच होते की काय, असे वाटल्यावाचून राहत नाही.

दवाखान्यात रुग्णांची गर्दी झाली आणि अनुभवी विश्लेषक अपुरे पडले. नवशिक्यांना रुग्ण देणे भाग होते. मग रुग्णाचे संरक्षण कसे व्हावे? आयटिंगॉन यांनी उमेदवारांना सविस्तर टिपणे घेऊन यावयास सांगितले आणि ती टिपणे समोर ठेवून नवशिक्याच्या चुका वेळीच हेरण्याची रीत पाडली. तिला ‘नियंत्रित विश्लेषण’ असे नाव पडले. स्वतःचे विश्लेषण, सिद्धान्ताचा अभ्यास आणि देखरेखीखालील प्रत्यक्ष काम असे शिक्षणाचे तीन पाय बर्लिनने ठरवून दिले. १९२५ साली आंतरराष्ट्रीय शिक्षण मंडळ स्थापन होऊन आयटिंगॉन त्याचे अध्यक्ष झाले, तेव्हा हीच चौकट जगभर गेली. आज मुंबईत किंवा बंगळुरात एखादा विद्यार्थी आठवड्याचे टिपण घेऊन आपल्या पर्यवेक्षकाच्या दारात उभा राहतो, तेव्हा तो नकळत बर्लिनचीच वाट चालत असतो.

१९३० साली या संस्थेने आपल्या दहा वर्षांचा अहवाल छापला. त्यातील आकडेवारी ओटो फेनिशेल यांनी मांडली. दहा वर्षांत १९५५ माणसे सल्ल्यासाठी आली. ७२१ जणांचे विश्लेषण सुरू झाले. त्यांपैकी ३६३ जणांचे पूर्ण झाले, ११७ जणांचे अहवालाच्या वेळी चालू होते आणि २४१ जणांचे मध्येच सुटले. पूर्ण झालेल्या ३६३ पैकी १११ बरे झाले, ८९ जणांत मोठी सुधारणा झाली, ११६ जणांत काहीशी झाली आणि ४७ जणांना काहीच गुण आला नाही. वाचकांनी बेरीज करून पाहावी, ती बरोबर येते. पुढे १९५२ साली हान्स आयसेंक यांनी मानसोपचाराच्या परिणामकारकतेवर जो प्रखर हल्ला चढवला, त्यात हेच आकडे त्यांनी संस्थेच्याच विरुद्ध वापरले. प्रामाणिक हिशेब ठेवणाऱ्याचा हा नेहमीचा तोटा.

मला स्वतःला त्या सर्व आकड्यांत २४१ हा आकडा सर्वांत मोलाचा वाटतो. बरे झालेल्यांची संख्या कोणीही सांगेल. अर्ध्यावर निघून गेलेल्यांची मोजदाद ठेवणे याला निराळी वृत्ती लागते. जो आला नाही, त्याचे टिपण कोणी लिहीत नाही. कारण त्या दिवशी काही घडलेलेच नसते. रोजकीर्दीत त्याला जागा नाही. खात्यावर त्याचे पान कोरे राहते आणि ते कोरे पान उलटून पाहणारा कोणीतरी असावा लागतो. (योगायोग असा की, ज्या वर्षी बर्लिनचा हा अहवाल निघाला, त्याच सुमारास, १९३० ते १९३४ या काळात, बडोद्याच्या नोकरीतून निवृत्त झालेले रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई पुण्यात पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड सिद्ध करीत होते. दोन्ही ठिकाणी मनुष्याचे व्यवहार कागदात पुरलेले होते, आणि उकरणाऱ्यांची चिकाटी सारखीच.)

बर्लिनची रीत सर्वांनाच पटली असे नाही. बुडापेस्टच्या मंडळींचे मत असे पडले की, उमेदवाराचे स्वतःचे विश्लेषण जो करतो त्यानेच त्याच्या पहिल्या रुग्णावर देखरेख करावी. कारण शिष्याचे मन त्याच्या ओळखीचे असते. व्हिल्मा कोवाच यांनी १९३६ साली ही बाजू मांडली. बर्लिनचे म्हणणे उलट होते. मन उघडे करण्याची जागा आणि काम तपासण्याची जागा वेगळी हवी. हा वाद वरकरणी तात्त्विक असला, तरी त्याच्या तळाशी दप्तराचाच प्रश्न आहे. शिष्याची गुपिते आणि रुग्णाची हकीकत एकाच वहीत लिहावी काय? पुढील काळाने बर्लिनच्या बाजूने कौल दिला. पर्यवेक्षकाने आपल्या समुपदेशकाच्या खासगी दुःखांची नोंद रुग्णाच्या नोंदीत मिसळू नये, हा आज सर्वमान्य दंडक आहे.

तोवर बर्लिनवर संकट आले होते. १९३३ साली नाझी सत्तेवर आले. ज्यू असलेले आयटिंगॉन पॅलेस्टाइनला गेले आणि जेरुसलेममध्ये त्यांनी पुन्हा संस्था उभारली. मागे राहिलेल्यांपैकी एडिथ याकोब्सन या विश्लेषक बाईंना १९३५ साली अटक झाली. त्या नाझीविरोधी गटात होत्या आणि त्यांच्याकडे उपचारास येणाऱ्यांतही राजवटीचे विरोधक होते. त्यानंतर अशा लोकांवर उपचारच करू नयेत अशी बंदी जर्मन संस्थेने आपल्या सभासदांवर घातली. याकोब्सन १९३८ साली निसटून पुढे अमेरिकेत गेल्या. नीट लावलेले दप्तर ही केवळ पुण्याई नव्हे. चुकीच्या हाती पडल्यास ती माणसांची यादी असते, हे त्या वर्षांत कळून चुकले. म्हणूनच पुढे रुग्णाचे नाव एका जागी आणि हकीकत दुसऱ्या जागी, मध्ये केवळ क्रमांकाचा दुवा, अशी पद्धत मानसोपचारात महत्त्वाची ठरली. ती कारकुनी खोड नाही.

आता अटलांटिक ओलांडू. टिपणे स्मरणावर अवलंबून असतात. आणि स्मरण हे स्वतःला बरे दिसेल असेच सांगते. १९४० साली कार्ल रॉजर्स अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठात आले. त्यांचे विद्यार्थी बर्नार्ड कव्हनर यांच्या साह्याने त्यांनी समुपदेशनाच्या बैठका ग्रामोफोनच्या तबकड्यांवर मुद्रित करावयास घेतल्या. आपल्या आजोबांनी बालगंधर्वांची पदे ज्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवर ऐकली, त्याच जातीच्या या तबकड्या. दर काही मिनिटांनी बाजू भरे. तासाभराच्या बोलण्याला किती तबकड्या लागल्या असतील याची कल्पनाच करावी! १९४२ साली प्रसिद्ध झालेल्या रॉजर्स यांच्या ग्रंथात ‘हर्बर्ट ब्रायन’ या कल्पित नावाने एका रुग्णाच्या आठही भेटी शब्दशः छापल्या आहेत. बंद दाराआडचे संपूर्ण संभाषण असे छापून बाहेर येणे ही त्या काळी नवलाची गोष्ट होती.

तबकड्यांनी जे उघड केले ते शिक्षकांना चपराक देणारे होते. कव्हनर यांनी समुपदेशकांनी भेटीनंतर लिहिलेली टिपणे आणि मुद्रण यांची रुजुवात घातली. टिपणात जे लिहिले होते ते बहुतांशी खरे होते. परंतु पुष्कळच गळले होते. आणि ‘आम्ही रुग्णाला मोकळेपणाने बोलू देतो’ असे प्रामाणिकपणे मानणारे विद्यार्थी प्रत्यक्षात त्याला पदोपदी ढकलीत, सल्ले देत, प्रश्नांनी घेरीत होते. यंत्राभोवती कोंडाळे करून स्वतःचाच आवाज पुन्हापुन्हा ऐकण्याच्या त्या दिवसांविषयी रॉजर्स पुढे फार उत्साहाने सांगत.

या शोधाने पर्यवेक्षकाचे काम सोपे झाले असे वाटेल. झाले उलटेच. पूर्वी एका भेटीचे एक पान येई; आता एका भेटीचा तासभर आवाज येऊ लागला. नव्वद माणसांचे नव्वद तास ऐकणार कोण? निवड आली. निवड आली की कोण निवडतो हा प्रश्न आला. समुपदेशक स्वतः निवडील तर आपली उजळ बाजू आणील, किंवा निदान जिच्याविषयी बोलावेसे वाटते अशी चमत्कारिक, गुंतागुंतीची हकीकत आणील. गप्प, कंटाळवाणा, दर खेपेस तेच तेच सांगणारा रुग्ण मागे राहील. तबकडीनेही शेवटी कीर्दच दिली, अधिक लांब आणि अधिक अचूक.

याच सुमारास टिपणांच्या विरुद्ध दिशेने जाणारा एक विचारही पुढे आला आणि तो इतका मार्मिक आहे की त्याला टाळून चालणार नाही. मायकेल बालिंट हे मूळचे बुडापेस्टचे डॉक्टर. त्यांचे काही शिक्षण बर्लिनच्या त्याच संस्थेत झालेले. १९५० नंतर लंडनच्या टॅव्हिस्टॉक दवाखान्यात ते सामान्य डॉक्टरांचे गट चालवू लागले. डॉक्टरांनी आपल्या रुग्णाविषयी गटात बोलावे, पण कागद न पाहता! डॉक्टर काय विसरतो, कोठे अडखळतो, कोणत्या शब्दावर आवाज चढतो, यातच रुग्ण आणि डॉक्टर यांच्या नात्याची खूण असते, असे त्यांचे म्हणणे. १९५७ साली त्यांचा प्रसिद्ध ग्रंथ निघाला आणि ‘बालिंट गट’ जगभर पसरले. अमेरिकेत हॅरल्ड सर्ल्स यांनी १९५५ साली याच्याही पुढचे निरीक्षण मांडले. रुग्ण आणि चिकित्सक यांच्यात जे चालले असते त्याचेच प्रतिबिंब चिकित्सक आणि पर्यवेक्षक यांच्या बोलण्यात पडते. हताश रुग्णाचा चिकित्सक हताश होऊन येतो. सारे काही लपवणाऱ्या रुग्णाचा चिकित्सकही काहीतरी लपवू लागतो. पर्यवेक्षकाने आपल्या मनात उठलेल्या कंटाळ्याची, चिडीचीसुद्धा नोंद घ्यावी, कारण तीही माहितीच आहे.

मग वही ठेवावी की न ठेवावी? माझ्या मते या दोन मतांत दिसतो तेवढा विरोध नाही. बालिंट यांनी कागद दूर ठेवावयास सांगितला तो सांगणाऱ्याला. ऐकणाऱ्याने खाते ठेवू नये असे त्यातून निघत नाही. उलट, सांगणारा ज्या अर्थी विसरणारच आहे, त्या अर्थी तो काय विसरला हे समजण्यासाठी ऐकणाऱ्यापाशी काहीतरी लिहिलेले हवे.

खाते नसण्याची किंवा असलेले पुसून टाकण्याची किंमत काय पडू शकते हे १९६९ साली कॅलिफोर्नियात दिसले. बर्कली येथील विद्यापीठाच्या रुग्णालयात भारतातून शिकावयास गेलेला एक विद्यार्थी मानसोपचारासाठी येत असे. एका तरुणीला ठार मारण्याचा आपला बेत त्याने ऑगस्टमध्ये आपल्या चिकित्सकाला सांगितला. चिकित्सकाने विद्यापीठाच्या पोलिसांना कळवले. त्यांनी त्याला ताब्यात घेऊन सोडून दिले. मुलीच्या आईवडिलांनी न्यायालयात केलेल्या कथनानुसार, यानंतर चिकित्सकाच्या वरिष्ठाने पोलिसांकडून ते पत्र परत मागवले आणि पत्राच्या प्रती व चिकित्सकाची टिपणे नष्ट करावयास सांगितली. ऑक्टोबरच्या अखेरीस त्या मुलीचा, तात्याना तारासॉफ हिचा, खून झाला. तिला किंवा तिच्या घरच्यांना कोणी सावध केले नव्हते. १९७६ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, रुग्णापासून एखाद्याला गंभीर धोका आहे असे चिकित्सकाला जाणवले अथवा जाणवावयास हवे होते, तर त्या व्यक्तीच्या संरक्षणासाठी वाजवी काळजी घेणे हे त्याचे कर्तव्य आहे.

कायद्याच्या पुस्तकांत हा खटला गुप्ततेच्या मर्यादेविषयी शिकवला जातो. पर्यवेक्षणाच्या इतिहासात त्याचा अर्थ थोडा वेगळा लागतो. चिकित्सकाला धोका दिसला होता. वरिष्ठाला तो तितका दिसला नाही. दोघांमधील मतभेद कोठे नोंदवला गेला, निर्णय कोणी व कोणत्या कारणाने घेतला, पुढे कोणी कोणत्या दिवशी चौकशी करावयाची होती? रुग्णाने तर उपचाराला येणेच थांबवले होते. त्याच्या खात्याचे पान ऑगस्टनंतर कोरे राहिले. त्या निकालानंतर अमेरिकेत पर्यवेक्षकांच्या वहीत एक रकाना कायमचा आला. धोका काय दिसला, कोणाशी विचारविनिमय केला, काय ठरले, का ठरले. त्याच वर्षी, १९७६ मध्ये, आल्फ्रेड कादुशिन यांचा समाजकार्यातील पर्यवेक्षणावरील ग्रंथ निघाला. त्यांनी पर्यवेक्षकाची कामे प्रशासन, शिक्षण आणि आधार अशी तीन प्रकारची मानली. प्रशासनाला त्यांनी शिक्षणाच्या पंक्तीला बसवले, ही गोष्ट त्या काळी अनेक विद्वानांना रुचली नसेल.

आपल्या देशातील वाटचाल थोडक्यात सांगतो. १९३६ साली मुंबईत सर दोराबजी टाटा समाजकार्य शिक्षणसंस्था (हीच पुढे १९४४ साली टाटा समाजविज्ञान संस्था झाली) निघाली, दुसऱ्याच वर्षी तिचे बालमार्गदर्शन केंद्र सुरू झाले आणि क्षेत्रकार्याचे अहवाल शिक्षकाला दाखवण्याची शिस्त त्यामार्गे आली. १९५४ साली बंगळूर येथे अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था स्थापन झाली, डॉ. गोविंदस्वामी तिचे पहिले संचालक. १९७४ साली तिचे ‘निम्हान्स’ झाले. तेथे देखरेखीखाली प्रत्यक्ष काम करून शिकलेल्या चिकित्सा-मानसशास्त्रज्ञांच्या पिढ्या देशभर गेल्या. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला आपल्या नोंदी पाहण्याचा अधिकार दिला. त्यामुळे चिकित्सकाच्या नोंदीचा वाचक आता रुग्ण स्वतःही असू शकतो.

परंतु या कथेतील मला सर्वांत जवळचा वाटणारा अध्याय आमच्या शेजारी, घाट उतरल्यावर, गोव्यात घडला. १९९६ साली तेथे ‘संगत’ ही संस्था स्थापन झाली, डॉ. विक्रम पटेल हे तिच्या संस्थापकांपैकी एक. देशात मनोविकारतज्ज्ञ मूठभर आणि दुःखी माणसे अगणित, हे उघड होते. तेव्हा प्राथमिक आरोग्य केंद्रांतून, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना शिकवून समुपदेशनाचे काम द्यावयाचे ठरले. ‘मानस’ या नावाने झालेल्या पहिल्या मोठ्या प्रयोगात १२ सरकारी केंद्रे आणि १२ खासगी दवाखाने होते; २०१० साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सरकारी केंद्रांत समुपदेशकांची जोड मिळालेल्या रुग्णांपैकी सुमारे ६६ टक्के सहा महिन्यांत बरे झाले, तर जोड न मिळालेल्यांपैकी सुमारे ४२ टक्के. खासगी दवाखान्यांत असा फरक दिसला नाही.

बर्लिनमध्ये १९२० साली जी अडचण होती तीच येथे होती. गर्दी मोठी आणि अनुभवी माणसे थोडी. मग नवशिक्यांच्या हातून रुग्णाचे अहित होऊ नये म्हणून काय करावे? पुढच्या प्रयोगमालेत गोव्याच्या मंडळींनी जे केले त्यात आयटिंगॉन, रॉजर्स आणि बालिंट या तिघांचाही अंश सापडतो. भेटी रुग्णाच्या संमतीने ध्वनिमुद्रित होत. समुपदेशक आठवड्यातून एकदा गटाने बसत, निवडलेले मुद्रण सर्व मिळून ऐकत आणि ठरवून दिलेल्या मोजपट्टीवर प्रत्येक जण त्या भेटीला गुण देई, मग चर्चा. तज्ज्ञही तीच मुद्रणे तपासत. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की, सहकाऱ्यांनी दिलेले गुण आणि तज्ज्ञांचे गुण बऱ्यापैकी जुळतात. म्हणजे पर्यवेक्षण हे काम एका मोठ्या माणसाच्या खुर्चीतून उठवून गटाच्या मधोमध ठेवता येते. मात्र वेळापत्रक, मोजपट्टी आणि नोंद या तीन गोष्टी पक्क्या हव्यात. तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांवरील प्रयोगाचे निष्कर्ष २०१७ च्या सुमारास आले. समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के तीन महिन्यांत नैराश्यातून बाहेर आले, न मिळालेल्यांपैकी ३९ टक्के. बोलणे कोकणीत होई, मराठीत होई, हिंदीत होई. सहा ते आठ भेटींचा तो उपचार. त्यात कोणाच्या किती भेटी झाल्या आणि कोण मध्येच थांबले, हे पाहिल्याखेरीज उपचार पुरा झाला असे म्हणताच येत नाही. बर्लिनच्या २४१ चा वारसा येथे आहे.

हा सर्व इतिहास मी धुंडाळू लागलो तो बेळगावातील एका बाईंमुळे. त्या अनेक वर्षे समुपदेशकांच्या पर्यवेक्षक होत्या. आता निवृत्त आहेत. एकदा सहज म्हणून त्यांची वही पाहावयास मागितली. नावे नसलेली, केवळ क्रमांकांची वही असल्याने त्यांनी दुरून दाखवली. किराणा दुकानदार वापरतात तसली लांबट, लाल कापडी पाठीची. डाव्या पानावर भेटीची तारीख, कोणत्या समुपदेशकाने काय सांगितले, आपण काय सुचवले. उजव्या पानावर काय करावयाचे ठरले, कोणत्या तारखेपर्यंत, झाले की नाही. जिवाला धोका असेल तेथे तांबड्या शाईची चौकट आणि त्याच दिवशी कोणाशी बोलणे झाले त्याची वेळ. समुपदेशक रजेवर जाणार असेल तर त्याच्या प्रत्येक क्रमांकासमोर दुसऱ्या कोणाची तरी आद्याक्षरे. हे सर्व कोणत्याही चांगल्या कारकुनाला सुचेल असेच होते.

निराळेपण वहीच्या शेवटी होते. मागच्या बाजूने उलटी सुरू केलेली काही पाने होती आणि वर मथळा होता, ‘न बोललेले’. प्रत्येक महिन्याच्या शेवटच्या शनिवारी बाई प्रत्येक समुपदेशकाची संपूर्ण यादी घेऊन बसत आणि त्या महिन्यात ज्या क्रमांकाविषयी एक शब्दही कोणी काढला नाही, ते क्रमांक येथे उतरवीत. सोमवारी समुपदेशकांना विचारावयाचे ते याच पानांवरून.

“हे कोणी शिकवले तुम्हांला?” मी विचारले.

“शिकवले नाही कुणी,” बाई म्हणाल्या. “घडले तसे.”

मग त्यांनी सांगितले. त्या नव्या होत्या तेव्हाची गोष्ट. त्यांच्या हाताखालची एक मुलगी बाळंतपणासाठी रजेवर गेली. तिच्याकडची अकरा माणसे इतरांना वाटून दिली, तोंडी. सर्वांना वाटले, झाले वाटून. पाच महिन्यांनी एक बाई डोक्यावरून पदर घेऊन, हातात केंद्राचे जुने कार्ड घेऊन आली आणि दारातूनच विचारू लागली, “अहो, आमच्या घरच्यांचं नाव आहे का तुमच्याकडं? तुमची माणसं बोलावतील म्हणून वाट बघतोय आम्ही.” यादी काढली. दहा नावांपुढे कोणाची ना कोणाची सही होती. अकराव्यापुढे काही नव्हते. तो माणूस घरी होता, जिवंत होता. पाच महिने तो बाहेरच्या ओट्यावर बसून होता आणि बायकोने कामाला जाताना घरातली दोरी, औषधाची बाटली, सगळे शेजारणीकडे नेऊन ठेवायचा परिपाठ केला होता.

“त्या आठवड्यात आमच्या बैठकीत काय बोलणं झालं होतं ते मी पुन्हा काढून बघितलं,” बाई म्हणाल्या. “फार चांगली चर्चा झाली होती. एका अवघड केसवर दीड तास.” त्यांनी वही मिटली आणि ती नेहमीच्या जागी, कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवून कुलूप लावले.